ऑपरेटरचा जोड

ऑपरेटरच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कधी स्वस्थ नसायचं. चहा पिताना कप डाव्या हातात आणि उजव्या हाताची ती दोन बोटं हवेतच काहीतरी पिळत असायची. घड्याळाला किल्ली द्यावी तशी, पण अगदी थोडी. पाव वळसा, मग थांबणं, पुन्हा पाव वळसा. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून उभे असतानाही ती फिरतच असायची, असं त्यांच्या बायकोनं, मार्थाकाकूंनी, मला सांगितलं होतं. "पाळक आमेन म्हनत्यात, सगळ्यांचे हात खाली येत्यात, आन यांचं आपलं चालूच. देवाला वाटत असंल, ह्यो माझी बत्ती मोठी करतोय का बारीक!"

ती सवय मशीनची होती. श्रीरामपूरच्या स्टेशनजवळच्या टॉकीजमध्ये पडद्यावरचा सगळा उजेड दोन कार्बनच्या कांड्यांतून यायचा. त्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये ज्योत पेटायची आणि कांड्या जळून आखूड व्हायच्या. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा, आणखी वाढलं की काळा. म्हणून ऑपरेटरनं एक मूठ सतत थोडी थोडी फिरवत राहायची. इतकी वर्षं ते काम केल्यावर बोटांना मशीन लागतच नसे. केबिनमध्ये एक स्टूल होतं. त्यावर त्यांचा डबा बसायचा. ते स्वतः त्यावर बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

त्यांचं नाव सायमन. पण गावात दारवानापासून टॉकीजच्या शेठपर्यंत सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणत. मी काका म्हणायचो. ते मला 'कालेज' म्हणायचे. "काय रं कालेज, जेवला का?" अशी त्यांची हाक असायची.

मी मूळचा जामखेड तालुक्यातला. आमच्या घरात चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजात नाव घातलं तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन मी श्रीरामपूरला आलो आणि टॉकीजच्या मागच्या चाळीत एक खोली घेतली. शेजारची खोली ऑपरेटरची. माझ्या खोलीची एक भिंत टॉकीजचीच होती. रोज दुपारी तीनला त्या भिंतीतून सिनेमा सुरू व्हायचा. चित्र नाही, नुसता आवाज. मी पुस्तक उघडून बसायचो आणि ऐकत राहायचो. ती दुष्काळाची वर्षं होती. आई आणि बापू तलावाच्या कामावर होते. ते उन्हात माती उचलतात आणि आपण इथं भिंतीला कान लावून बसतो, या विचारानं मी उठायचो, येरझाऱ्या घालायचो, पुन्हा बसायचो. मला स्वस्थ बसता येत नसे आणि ऑपरेटरला बसायचं माहीतच नव्हतं. आमची गट्टी त्यावरच जमली असावी.

ओळख झाली ती एका कागदामुळं. सिनेमाची प्रिंट यायची तेव्हा डब्यांबरोबर इंग्रजीत एक चिठ्ठी असायची. कुठल्या रिळाची अवस्था काय आहे, कुठं फाटलंय, कुठं जोड आहेत ते तीत लिहिलेलं असे. ऑपरेटरना इंग्रजी येत नव्हतं. एकदा ते चिठ्ठी घेऊन माझ्या दारात आले. मलाही धड येत नव्हतं. मी डिक्शनरी काढली आणि घाम पुसत पुसत अर्थ लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चार शब्दाला अर्धा तास लावला. म्हंजे खरं सांगितलंस. आधीचा क्लार्क झटक्यात सांगायचा आन सगळं चुकीचं." त्या दिवसापासून मला तीनच्या खेळाला केबिनमध्ये उभं राहायची परवानगी मिळाली.

केबिनमध्ये मला पहिली गोष्ट कळली ती ही, की ऑपरेटर पडद्याकडं पाहायचेच नाहीत. भिंतीला जे छोटं भोक होतं त्यातून ते खाली प्रेक्षकांकडं पाहायचे. लोक जागा शोधत असायचे, बायका पोरांना ओढत असायच्या, कुणी उशिरा आलेला दुसऱ्याच्या पायावर पाय देत असायचा. ऑपरेटर म्हणायचे, "पहिली पाच मिनिटं पिच्चरची नसत्यात, पब्लिकची असत्यात. मुंडकी हलायची थांबली का मग पिच्चर सुरू झालं म्हनायचं." प्रत्येक सिनेमाला मुंडकी थांबायला किती वेळ लागतो हे त्यांच्या ध्यानात असायचं. मारामारीचा सिनेमा लवकर थांबवतो, देवाधर्माचा त्याहून लवकर, आणि प्रेमाचा सगळ्यांत उशिरा, असं त्यांचं मत होतं. "प्रेमाच्या पिच्चरला सुरुवातीलाच सगळे बोलत बसत्यात. बाप बोलतो, मित्र बोलतो, नोकर बोलतो. हालत्या मुंडक्यांना कशाला सांगायचं? वाया जातं."

हे ते कुठं शिकले होते तेही त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते मिशनच्या गाडीवर होते. नेवाशाकडच्या खेड्यांतून येशूच्या गोष्टींचे छोटे सिनेमे दाखवत फिरायचे. पडदा म्हणजे दोन बांबूंना बांधलेलं पांढरं कापड. "लोकं येशूला बघाया येत न्हवते," ते हसत म्हणाले. "दिवा कसा लागतो ते बघाया यायचे. पडद्याकडं पाठ करून, मशीनकडं तोंड करून बसायचे! मी मागं वळा, मागं वळा म्हनून वरडायचो. त्यांची तोंडं फिरवायची कशी, त्येच मी तीन वर्षं शिकलो."

पुढं मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो सिनेमा आला. हलकाफुलका, प्रेमाचा, शेवटी लग्न होणारा. त्याचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. सगळे त्याला 'पेटीवाला पिक्चर' म्हणत. तो पाच आठवडे चालला आणि मी तो नऊ वेळा पाहिला. खरं सांगायचं तर सबंध दोनदाच. उरलेल्या वेळी मी फक्त सुरुवात पाहायचो आणि वर्गाला पळायचो.

ती सुरुवात अशी होती. रेल्वेचा फलाट. कुणाचाही चेहरा दिसत नाही, फक्त पाय आणि हात. चहाच्या टपरीपाशी एक मुलगा काळी पेटी खाली ठेवतो. त्या पेटीला टेकवून एक मुलगी अगदी तशीच पेटी ठेवते. गाडीची शिट्टी होते, धावपळ होते, आणि दोन हात चुकीच्या पेट्या उचलतात. आपल्याला कळतं, त्यांना कळत नाही. टक् असा एक बारीक आवाज येतो आणि मग सिनेमाची नावं सुरू होतात, वर झकास बँड. नावं संपली की ती मुलगी तिच्या खोलीत पेटी उघडते. आत दाढीचा ब्रश, भोक पडलेलं बनियन, आईनं बांधून दिलेले लाडू. ती त्याचा सदरा अंगाला लावून हा किती उंच असेल ते पाहते. तिकडं तो मुलगा तिच्या पेटीतला अर्धवट विणलेला स्वेटर सुयांसकट घालून बघतो. दोघांचे चेहरे आपण तेव्हा पहिल्यांदा पाहतो, एकमेकांच्या वस्तू हातात असताना.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला एकदम माझी पेटी आठवली. ती जर एखादीनं चुकून नेली असती तर तिला काय सापडलं असतं? दोन सदरे, शेंगदाण्याची चटणी, बापूंच्या हातचं वाकडंतिकडं माझं नाव. मला लाज वाटली आणि लगेच, का कोण जाणे, बरंही वाटलं. खाली पाहिलं तर एकही डोकं हलत नव्हतं. बायकांच्या बाजूची पोरंसुद्धा गप्प.

"काका, दिग्दर्शक काय हुशार आहे हो!" मी म्हणालो. "नावं आधी दाखवलीच नाहीत. आधी पेट्या बदलल्या. आणि तो टक् आवाज ऐकलात? पेटीची कडी लागल्याचा. जणू गोष्टीचीच कडी लागली."

ऑपरेटरची बोटं जरा जोरात फिरली. "व्हय," ते म्हणाले, "हुशार दिसतोय मानूस."

त्याच सुमारास आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं की नगरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे, आपल्या आवडत्या कलाकृतीचं रसग्रहण लिहून व्यासपीठावर वाचायचं. सगळे कवितेवर लिहिणार होते. मी घाबरत घाबरत विचारलं, सिनेमाच्या सुरुवातीवर लिहिलं तर चालेल का? सर म्हणाले, "लिही. पण जे पाहिलं आहेस तेच लिही." कॉलेजातून एकालाच पाठवायचं होतं. त्यांनी मला पाठवलं. आमच्या घरातलं कुणी माइकसमोर उभं राहण्याची ती पहिलीच वेळ होती. मी बापूंना तसं पत्रही टाकलं.

निबंधात मी लिहिलं की माणसं भेटण्याआधी त्यांच्या वस्तू भेटतात. नावांच्या आधी चूक घडते, म्हणून नावं वाचताना आपण अस्वस्थ असतो आणि बँड कितीही आनंदात वाजला तरी आपल्याला त्यांना थांबवावंसं वाटतं. टक् या आवाजावर मी एक सबंध परिच्छेद लिहिला.

वाचून झाल्यावर परीक्षकांपैकी पुण्याच्या एक बाई थोडं पुढं वाकल्या. "तुम्ही हा सिनेमा पाहिला आहे की कुणाकडून ऐकला आहे? कारण या सिनेमाची सुरुवात अशी नाही. आधी नावं आहेत. मग नायकाचे वडील मोठं भाषण करतात. त्यांनी मुलाचं लग्न ठरवलेलं असतं, मुलगा पळून जातो. ती मुलगीही त्याच लग्नाला भिऊन पळालेली असते. हे सगळं आपल्याला पेट्यांच्या आधी माहीत असतं."

सभागृहात हशा झाला. मी म्हणालो, "मी नऊ वेळा पाहिलाय, बाई. श्रीरामपूरला असाच आहे." त्यावर तर लोक टाळ्या वाजवून हसले. बाई हसल्या नाहीत. हशा ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "अशी असती तर जास्त चांगली झाली असती, हे मात्र खरं." पण तेव्हा मला ते ऐकू येऊनही ऐकू आलं नाही.

नगरहून राहुरीमार्गे परत येणाऱ्या एसटीत मी जागेवर बसू शकलो नाही. जागा असूनही दांडीला धरून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काय भाऊ, गळू झालंय का?" उतरलो तो तडक केबिनमध्ये गेलो. संध्याकाळच्या खेळाला वेळ होता. ऑपरेटर कांड्या पुसत होते.

"काका, वडिलांचं भाषण कुठं आहे?"

त्यांनी विचारलं नाही, कुठलं भाषण. स्टुलावरचा डबा उचलून बाजूला ठेवला. खालून एक चपटी गोल डबी काढली आणि उघडून माझ्यासमोर धरली. आत फिल्मची गुंडाळी होती.

"ह्यो बाप," ते म्हणाले. "पयल्या शुक्रवारी तीनदा तुटला. कडेची भोकं फाटल्याली, मशीन पकडंचना. लोकांनी शिट्ट्या मारल्या. फाटल्यालं काढलं तर बाप अर्धाच ऱ्हायला. आता अर्धा बाप ठिवून काय करायचा? समदाच काढला."

"आणि नावं? ती तर फाटली नव्हती."

बोटं फिरायला लागली. "नावं वाचतंय कोन, कालेज? पन बाजा चांगला हुता. वाया चालला हुता बिचारा, मुंडकी हालत असताना वाजायचा. म्हनलं, आधी पेटी बदलू दे, मानसं गप होऊ दे, मंग वाजू दे." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "प्रिंट परत धाडताना मी सगळं होतं तसं जोडून देनार हाय. दुसऱ्याचा माल हाय तो."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "तिथं सगळे मला हसले. मी खोटारडा ठरलो. आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी—"

ते म्हणाले, "तू एवढा खूश हुतास. दिग्दर्शक हुशार, दिग्दर्शक हुशार म्हनत हुतास. ते ऐकायला मला बरं वाटत हुतं. म्हनून न्हाई सांगितलं. चुकलं माझं."

मी रागानं खाली उतरलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी नगरच्या एका साप्ताहिकात चौकटीत विनोदी मजकूर आला, 'श्रीरामपूरचा सिनेमा जगावेगळा'. माझं नाव नव्हतं, पण सगळं होतं. हसण्यावारी गेलं असतं. पण सिनेमा ज्यांच्याकडून भाड्यानं यायचा त्या वितरकाच्या माणसानं ते वाचलं आणि बुधवारी तीनचा खेळ सुरू झाल्यावर तो टॉकीजवर हजर झाला. प्रिंटला कात्री लावणाऱ्या ऑपरेटरला कोणतीही टॉकीज ठेवत नसे. ठेवली तर तिला पुढचा सिनेमा मिळत नसे. हे मला दारवानानं सांगितलं. तो मला बोलवायलाच आला होता. "शेठनी बोलावलंय. तुझ्या बोलन्यावर हाय आता. नीट बोल."

म्हणजे एवढंच होतं. मी जर म्हणालो की मी मनचं लिहिलं, तर एका पोराची चूक म्हणून प्रकरण मिटणार होतं. मी जर खरं बोललो, तर ऑपरेटरची केबिन जाणार होती. ऑफिसपर्यंतचं अंतर वीस पावलांचं. मी वाटेत दोनदा थांबलो. बापूंचं उत्तर माझ्या खिशात होतं. त्यांनी शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, 'सगळ्या कामावर सांगितले की पोरगा नगरला भाषण करून आला.'

शेठ वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. वितरकाच्या माणसानं विचारलं, "तू लिहिलंस तसा सिनेमा इथं दाखवतात?"

"नाही," मी म्हणालो. "मी पहिल्या दिवशी उशिरा गेलो. सुरुवात मी पाहिलीच नव्हती. मनानंच लिहिली."

"नऊ वेळा पाहिला म्हणालास ना?"

"तेही खोटं."

त्यानं माझ्यापुढं कागद सरकवला. "हे लिहून दे. खाली सही कर." मी पेन उघडलं. पहिली ओळ लिहिलीसुद्धा. माझं अक्षर चांगलं आहे असं सर म्हणायचे, पण त्या ओळीत ते बापूंच्या अक्षरासारखं वाकडं आलं होतं.

दारवानानं वरही कळवलं असावं; तेवढ्यात दार ढकलून ऑपरेटर आत आले. मी त्यांना खेळ चालू असताना केबिनच्या बाहेर कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी ती चपटी डबी टेबलावर ठेवली, माझ्या कागदाच्या वर.

"पोरगं खोटं बोलतंय," ते म्हणाले. "त्यानं बघितलं तेच लिव्हलं. कापलं म्या."

"ऑपरेटर, मशीनवर कोण आहे?" शेठनी विचारलं.

"कुनी न्हाई."

आणि मग आम्हाला ऐकू आलं. आधी एक शिट्टी, मग दहा, मग सगळं थिएटर. कांड्या जळून लांब गेल्या होत्या आणि पडदा काळा झाला होता. ऑपरेटरची बोटं टेबलाच्या कडेवर वेड्यासारखी फिरायला लागली. इथं उभं राहावं की वर पळावं हे त्यांना कळेना. "कागद फाड," ते मला म्हणाले, "फाड आधी. मंग मी जातो." आत लोक खुर्च्या आपटत होते. मी कागद फाडला. मग ते पळाले. जिना चढतानाचा त्यांच्या चपलांचा आवाज मला अजून आठवतो.

शेठनी कपाळाला हात लावला. "सायमनच्या हातनं पडदा काळा! चौदा वर्षांत पहिल्यांदा." वितरकाच्या माणसानं डबी शेठकडं सरकवली. तो म्हणाला, उद्यापासून हे जोडून, पूर्ण चालवा. आणि शुक्रवारपासून दुसरा माणूस बघा.

शेवटच्या गुरुवारी मी खाली, लोकांत बसलो. ऑपरेटरनी रात्रीतून फाटलेली भोकं चिकटपट्टीनं नीट केली होती. बाप एकदाही तुटला नाही. नावं आली, बँड वाजला, लोक जागा शोधत होते, कुणी ऐकलं नाही. मग बाप बोलायला लागला. दोन मिनिटं गेली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ए ऑपरेटर, झोपला का? पेटी कुठंय?" दुसरा म्हणाला, "रीळ चुकलं रं! बाप काढ, बाप काढ!" सगळं थिएटर ओरडायला लागलं, "बाप काढ! बाप काढ!" सिनेमाची खरी सुरुवात पहिल्यांदाच नीट चालली होती आणि आमच्या गावाला ती ऑपरेटरची चूक वाटत होती. मी वळून वर भोकाकडं पाहिलं. तिथं काही दिसत नव्हतं, फक्त उजेड.

शनिवारी सकाळी ते निघाले. एक फिरती तंबूची टॉकीज होती, तिला ऑपरेटर हवा होता. "तुमच्या मुलखात चाललोय, कालेज. जामखेडाकडं. तिकडं कुनी चिठ्ठी धाडत न्हाई का कात्री मोजत न्हाई, म्हनत्यात." मार्थाकाकू मागून जाणार होत्या. मी त्यांची पेटी उचलून एसटी स्टँडवर नेली. गाडीला उशीर होता. ते बाकावर बसले नाहीत, पेटीभोवती फिरत राहिले. मला माफी मागायची होती. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा त्यांनी दुसराच विषय काढला. मग म्हणाले, "तो निबंध हाय का तुझ्यापाशी?"

तो वहीत होता.

"वाच. इंग्रजी नसंल तर वाच."

मी वाचायला लागलो. शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाया ऐकायला लागल्या. ऑपरेटर पेटीवर एक पाय ठेवून उभे होते, बोटं चालू होती. वस्तू आधी भेटतात, चेहरे नंतर, हे त्यांनी मान हलवत ऐकलं. नावं वाचताना आपण अस्वस्थ असतो, इथं ते हसले. वाचून झाल्यावर मी पुण्याच्या बाईंचं वाक्य सांगितलं, जे मला इतके दिवस आठवायचं नव्हतं. अशी असती तर जास्त चांगली झाली असती.

"कोन म्हनलं?"

"परीक्षक बाई. त्यांनी खरा सिनेमा पाहिला होता."

त्यांची बोटं थांबली. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना लावून हात तसाच राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गाडी फलाटाला लागेपर्यंत.

मग ते एकदम म्हणाले, "त्यो टक् आवाजाचा भाग पुन्हा वाच."

मी वाचला.

"तेवढं खोड."

"का काका? ते मला सगळ्यात आवडतं."

"कडी न्हवती ती. माझा जोड हुता. फिल्म चिकटवायचं सिमिट जुनं, घाईत लावलेलं, नीट बसला न्हाई. मशीनमधनं जाताना वाजायचा. रोज तीनला मला त्यो ऐकावा लागायचा." त्यांनी मला पेन काढायला लावलं. "चांगल्या जोडाचा आवाज येत न्हाई. बाकी समदं ऱ्हाऊ दे. तेवढं खोड. आत्ता, माझ्यासमोर."

गाडीच्या कंडक्टरनं घंटा मारली. मी घाईघाईनं उभ्या उभ्या तो परिच्छेद खोडला. त्यांनी तिरकी रेघ नीट ओढली का ते पाहिलं आणि मग पेटी घेऊन चढले.

त्यानंतर ते मला भेटले नाहीत. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्या खोलीत एक टपाल कारकून राहतो. टॉकीजच्या नव्या ऑपरेटरला बसायला स्टूल लागतं. भिंतीतून अजून तीनला सिनेमा सुरू होतो आणि मी अजून पुस्तक मिटून येरझाऱ्या घालतो. परवा चहा पिताना एका मित्रानं विचारलं, "तू बोटं काय फिरवतोस रे?"

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा आई अंगणात धान्य निवडत बसली होती. तलावाच्या कामावरच्या बायांनी मिळून बाजाराच्या गावी तंबूतला पिक्चर पाहिला होता. आईच्या आयुष्यातला पहिलाच. तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

"दोन पेट्या असत्यात रं. सारख्याच. इकडची तिकडं, तिकडची इकडं. आन त्या पोरीला त्या पोराचं फाटकं बनेल घावतं!" ती हसायला लागली. "मला तुझी पेटी आठवली."

मी सुपाच्या शेजारी खाली बसलो. "आधी कुणी म्हातारा भाषण करतो का?"

"न्हाई. एकदम पेट्याच. आमी तर नीट बसलो बी न्हवतो, पन समद्या गप झाल्या."

"आणि अक्षरं? पडद्यावर नावं येतात ती?"

"ती मागनं आली. मला काय वाचता येतंय? पन बाजा लई ग्वाड हुता."

"आई, नीट आठव. पेट्या बदलल्यावर, बाजा सुरू व्हायच्या आधी, टक् असं काही वाजलं का?"

आईनं सूप खाली ठेवलं. डोळे मिटून, तो सगळा तंबू पुन्हा डोळ्यांपुढं आणून, तिनं बराच वेळ ऐकलं.

"न्हाई रं," ती म्हणाली. "काईच न्हाई वाजलं."